काळ्या पहाडाची पाठ

शिरीषने आबांच्या मांडीला हात घातला, तेंडोलकर साहेब कॅमेऱ्यामागून "आता पडा" म्हणाले, आणि माझे आबा पडले.

हातात भाकरीचा डबा घेऊन मी स्टुडिओच्या दारातच थांबले. गणू मगदूम हे काही साधंसुधं नाव नव्हतं. कोल्हापूरपासून मिरजेपर्यंत त्यांना आस्मान दाखवणारा पैलवान अजून जन्मायचा आहे, असं तालमीतली माणसं सांगत आणि आबा ते कधी खोडून काढत नसत. आणि इथे पुण्याहून आणलेलं, तूपसाखरेवर पोसलेलं एक गोरंगोमटं पोर त्यांच्या छातीवर फतकल मारून बसलं होतं. मास्टर शिरीष म्हणत त्याला. माझ्याच वयाचा, माझ्याच उंचीचा. त्याला धड चड्डीची नाडीही बांधता येत नव्हती, ते काम त्याची आई करायची.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. साहेबांनी पुन्हा एकदा घेऊ म्हटलं, आबा उठले, अंग झटकलं आणि पुन्हा पडले. तिसऱ्यांदा तर पडल्यावर पाय झाडून कण्हलेसुद्धा. मग तोंडावरचा काळा बुरखा काढून मजेत माझ्याकडे आले आणि डबा उघडून बसले.

"आबा, तुमी हरलासा?" मी विचारलं.

"मी कुठं हरलो? काळा पहाड हरला. माझं नाव तरी घेतलं का कुणी?" असं म्हणून त्यांनी खरड्याचा मोठा घास घेतला.

या गोष्टीला आता साठेक वर्षं होत आली. तेव्हा मुंबईत बुरखे घालून खेळायच्या फ्री स्टाइल कुस्त्यांचं भलतंच वेड होतं. दोरांच्या रिंगणात एकमेकांना उचलून आपटायचं, केस ओढायचे, पंचालाच बुकलायचं. तिथल्या तेंडोलकर साहेबांनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनाने घेतलं की कोल्हापुरात येऊन यावर मुलांचा सिनेमा काढायचा. गोष्ट अशी की काळा पहाड नावाचा बुरखेवाला पैलवान गावोगावच्या पैलवानांना लबाडीने पाडतो आणि शेवटी एक पोरगा पांढरा बुरखा घालून, भर मैदानात, लाल मातीत त्याला चीत करतो. पोरं शिट्ट्या मारतील, आयाबाया डोळे पुसतील, आणि तंबूतसुद्धा सिनेमा वर्षभर हलणार नाही, असा साहेबांचा हिशेब होता. काळा पहाड म्हणून त्यांना खराखुरा पैलवान हवा होता, आणि आबांचा देह पाहिल्यावर त्यांनी दुसरीकडे बघितलंच नाही.

आबांना हौस होती, पण तालमीची भीती त्याहून मोठी होती. ठरवून खेळलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा म्हणतात. दोघांनी आधी संगनमत करायचं, एकाने पडायचं, दुसऱ्याने पाडायचं आणि लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायची. आमच्या गल्लीत पैलवानाला चोर म्हटलेलं एक वेळ खपलं असतं, पण नुरा खेळला म्हटलं की त्याला पोरगी कुणी दिली नसती. म्हणून आबांनी आधी तालमीच्या वस्तादांना विचारलं. वस्ताद स्वतः काठी टेकत स्टुडिओत आले. सेटवरच्या कुस्तीच्या हौदात वाकून त्यांनी मूठभर माती उचलली, बोटांत चोळली, नाकाला लावली. तालमीच्या मातीला असतो तसा तिला ताकाचा वास नाही, हळदीचा नाही, लिंबाचा नाही. ती विटकरीची भुकटी होती. सिनेमा काळापांढरा, तरी साहेबांच्या माणसांनी हौस म्हणून लाल विटा कुटून घेतल्या होत्या.

"ही माती न्हवं," वस्ताद म्हणाले. "हितं तुजी पाठ लागली काय आन न लागली काय. पड खुशाल."

तर अशी आबांना पडायची परवानगी मिळाली होती. मला हे सगळं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि शिरीषला आपल्या बापाच्या छातीवर बघणं वेगळं.

कारण त्या हौदात उतरायला मी जीव टाकत होते. दिवाळीची सुट्टी होती, डबा पोचवायचं निमित्त होतं, पण खरं सांगायचं तर मला आबांशी कुस्ती खेळायची होती. आठवतं तेव्हापासून दुसरं काही मागितलं नव्हतं. आबा पालथे पडत आणि मी त्यांची पाठ तुडवत असे, तेव्हा ते तोंड उशीत खुपसून डावांची नावं सांगत. ढाक कशी मारायची, पाय धरून पट कसा काढायचा, घिस्सा कधी लावायचा. मी ते सगळं घरामागच्या परड्यात भुश्शाच्या पोत्यावर करून बघत असे. आईने एकदा ते पाहिलं आणि पोतं उसवून भुस्सा चुलीत घातला. पोरीच्या जातीने असले धंदे केले तर उद्या लग्नाला कोण उभं राहील, असा तिचा सवाल होता. आबांना शिकवा म्हटलं की ते हसून मान वळवत. एकदाच म्हणाले होते, बाईमाणसाचा पाय तालमीच्या मातीत पडत नसतो, मी काय करू. ते असं बोलले की पुढे तोंड उघडायची सोय राहिली नाही. पण मी नाद सोडला नव्हता. मगदुमांचं रक्त हट्टी, ते आईला विचारा.

दुसऱ्या दिवशी शिरीषचे गाल फुगले. डॉक्टरांनी गालगुंड सांगितलं, आणि त्याची आई त्याला शालीत गुंडाळून पुण्याला घेऊन गेली. साहेब डोक्याला हात लावून बसले. पोराचं जवळून घ्यायचं काम सगळं झालं होतं, राहिली होती ती आख्खी कुस्ती, एका दमात, वरच्या माचावरून घ्यायची. परवापासून स्टुडिओ दुसऱ्या कंपनीला दिलेला होता, म्हणजे जे काय करायचं ते उद्याच. बुरखा घातल्यावर आत कोण आहे हे कुणाला दिसणार नव्हतं. नुसतं त्या मापाचं, न भिणारं पोर हवं होतं. तिथली दोनतीन पोरं पुढे केली, पण आबांनी त्यांना सरावात नुसतं धरलं तरी ती रडू लागली.

"अहो, कोणी तरी करेल का नाही?" साहेब वैतागून म्हणाले.

"मी करतो," मी म्हणाले.

मुंबईची मंडळी हसायला लागली. आमच्याकडे पोरी करतो-जातोच बोलतात, हे त्यांना कुठलं माहीत. साहेबांनी मात्र मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पांढरा बुरखा आणायला सांगितला, स्वतःच्या हातांनी माझ्या डोक्यावर चढवला, वेण्या आत कोंबल्या आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाले, हाच माझा हिरो. वर सदरा आणि अर्धी चड्डी घातली की झालं.

साहेबांनी दोनदा विचारल्यावर आबा म्हणाले, विटकरीच हाय, खेळू दे. घरी आईने आकांडतांडव केलं, पण नाव कुठे लागणार नाही आणि तोंड कुणाला दिसणार नाही म्हटल्यावर ती गप्प झाली.

मी मात्र गप्प बसणार नव्हते. आयुष्यात एकदा आबांशी कुस्ती मिळणार होती, आणि ती विटांच्या भुकटीत. मी जिंकणार, सगळी दुनिया बघणार, आणि ते सगळं खोटं. शिरीष जिंकला तितकंच खोटं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली: माती खरी असती तर जिंकणंही खरं झालं असतं.

आणि खरी माती माझ्यापाशी होती. मला तालमीत जायला बंदी असली तरी तालीम रोज आमच्या घरी येत होती. आबांचा लंगोट धुवायचं काम माझंच होतं. बादलीत तो खळबळला की तळाशी लाल गाळ बसायचा, ताकाचा, हळदीचा, तेलाचा वास असलेला. तो टाकवत नसे म्हणून मी न्हाणीमागे एका खापरीत साठवून वाळवला होता. त्यातली मूठभर माती मी फडक्यात बांधली आणि चड्डीच्या नेफ्यात खोचली.

सकाळी दिवे लागले. समोर माणसं दाटीवाटीने बसवली होती, फेटे बांधून, मैदानाला जमतात तशी. आबा काळा बुरखा घालून हौदाच्या त्या टोकाला उभे राहिले, मी या टोकाला. साहेबांनी पुन्हा एकदा समजावलं: सलामी द्यायची, मी पट काढायचा, आबांनी थोडं डगमगायचं, मग धाडकन पडायचं, मी छातीवर बसायचं आणि दोन्ही हात वर करायचे. मी मान डोलावली. माचावर कॅमेरा सुरू झाला.

मी पुढे गेले, नेफ्यातलं फडकं सोडलं आणि सगळी माती आबांच्या हातावर ठेवली.

मैदानात असंच करतात. खेळणारा समोरच्याला माती देतो, समोरचा घेतो, आणि मग कुस्ती लागते. साहेबांना वाटलं, पोरीने छान भर घातली. ते माचावरून वा वा म्हणाले. आबा हातातल्या मातीकडे बघत राहिले. मग त्यांनी मूठ बुरख्याजवळ नेली. वास ओळखायला त्यांना कितीसा वेळ लागणार. बुरख्याच्या भोकांतून त्यांचे डोळे माझ्यावर आले, आणि ते डोळे घरातल्या आबांचे नव्हते. त्यांनी ती माती सावकाश आपल्या दंडांना चोळली. उरलेली माझ्या दोन्ही खांद्यांना लावली. मग मागे सरकले आणि कमरेत वाकून उभे राहिले.

मी पट काढायला झेपावले. हात त्यांच्या पायाला लागलासुद्धा नसेल. मानेवर एक पंजा पडला, पाय जमिनीवरून सुटले, छपराचे वासे आणि दिवे एकदम डोळ्यांसमोर आले, आणि माझे दोन्ही खांदे खाली टेकले. डोकं आपटलं नाही, कारण त्यांचा हात मानेखाली होता. पण चीत म्हणजे अशी चीत झाले की तालमीतल्या पंचालाही वाद घालता आला नसता.

समोर बसवलेली माणसं उठून उभी राहिली. बिचाऱ्यांना गोष्ट कुठे माहीत होती. त्यांनी झकास कुस्ती बघितली होती, ती टाळ्या वाजवायला लागली.

साहेब माचावरून तरातरा खाली आले. तोंडाचा पट्टा चालू होता. फिल्म काय झाडाला लागते का, मगदूम विसरले का, काळ्या पहाडाने हरायचं आहे, पुन्हा घ्या. आबांनी बुरखा काढला. चेहरा शांत होता.

"हिच्यासंगं पुन्ना न्हाई, साहेब," ते म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हंजे हिच्याम्होरं मी पडणार न्हाई. दुसरं कुणी बी आना, पायजे तेवढ्यांदा पडतो."

साहेबांनी हात जोडले, मग ओरडले, मग पुन्हा हात जोडले. अहो, मुलगी आहे तुमची, तिच्यासमोर पडायला कसली लाज, परवा त्या परक्या मुलासमोर हवं तितकं पडलात. आबा बाजूच्या बाकावर जाऊन बसले आणि पाय पसरले. आबांनी बैठक मारली की चार माणसांनी ढकलून हलत नाहीत, हे साहेबांनाही एव्हाना कळलं होतं.

मी हौदातच बसून होते. बुरख्याच्या आत माझं तोंड ओलंचिंब झालं होतं. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दात आवळून धरले होते. भर लोकांत बापाने पाडलं होतं, आणि वर माझ्याबरोबर पुन्हा खेळायचंही नाकारलं होतं. माझ्यापेक्षा ते गालफुगं पोर बरं, असाच त्याचा अर्थ मी लावला. दुसरा कुठला लावणार होते?

शेवटी पांडबा मिळाला. हा रंगभूषेच्या खोलीत काम करणारा चाळिशीचा गृहस्थ, उंचीने माझ्याएवढा, अंगाने काडी. विडीचा वास सोडला तर त्याच्यात काही खोट नव्हती, पण पायांवर अस्वलासारखे केस. साहेबांनी वस्तरा मागवला. पांडबा पाय पुढे करून गाईसारखा बसला आणि दोघांनी मिळून त्याला पोरगा केला. माझ्या डोक्यावरचा पांढरा बुरखा काढून त्याच्या डोक्यावर चढवला. साहेबांनी सलामी उरकायला सांगितली, माती वगैरे नको म्हणाले. पांडबाने आबांच्या पायाला नुसता हात लावला आणि काळा पहाड असा काही कोसळला की विटकरीचा लोट उठला. एका झटक्यात काम झालं. लोकांनी मात्र या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यांना वाजवायला सांगावं लागलं.

घरी निघालो तेव्हा आबांनी सायकलच्या दांडीवर बस म्हटलं. मी बसले नाही, पुढे चालू लागले. ते सायकल हातात धरून मागून येत राहिले. रंकाळा तळ्याच्या कडेला त्यांनी मला गाठलं.

"माती कुठली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या लंगोटाची."

"का दिलीस?"

माझा बांध फुटला. म्हटलं, खऱ्या मातीवर पडलासा असता तर माझं जिंकणं खरं झालं असतं, म्हणून दिली. शिरीषपुढं पडलासा, त्या पांडबापुढंसुद्धा पडलासा. मीच तेवढी नको झालो तुमाला.

आबांनी सायकल झाडाला टेकवली.

"शिरीषनं मला माती दिली न्हवती," ते म्हणाले. "पांडबानं बी न्हाई. त्येंच्याम्होरं नाटक करायचं हुतं, केलं. तू माती दिलीस आन मी घेतली. घेतल्यावर म्होरं पोरगी हाय का पोरगा, ल्हान हाय का मोठा, माझी हाय का परक्याची, हे बघायचं नसतंय. म्होरं पैलवान असतोय. पैलवानासंगं मी नुरा कसा खेळू?"

मला एकदम सगळं समजलं असं नाही, पण रडायचं राहून गेलं. जे मी वर्षानुवर्षं मागत होते ते सकाळीच मला मिळालं होतं, दिव्यांच्या उजेडात, लोकांसमक्ष, आणि मी ते बुरख्यात रडून घालवत होते.

थोडं चालून गेल्यावर आबा म्हणाले, "पट काढताना मान खाली का घातलीस?"

"चुकलं," मी म्हणाले.

"मान खाली गेली की पैलवान संपला. नजर म्होरच्याच्या छातीवर पायजे. आन डावा पाय लई मागं ऱ्हायला."

मग घर येईपर्यंत ते माझ्या चुकाच सांगत राहिले, आणि त्या संपूच नयेत असं मला वाटत होतं. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या काकूंनी विचारलं, काय गं, जिंकलीस का सिनेमात? मी सांगितलं की आबांनी मला चीत केलं. काकू आबांकडे वाकडं बघून हळहळल्या. त्यांना मी इतकी का फुशारले आहे ते कळलं नाही.

सकाळी जाग आली ती कसल्याशा भांडणाने. परड्यात आबा कुदळ घेऊन उभे होते आणि आई त्यांच्यासमोर पदर खोचून उभी होती, मेथीचा वाफा अडवून. परड्यात ऊन पडणारी सपाट जागा तेवढी एकच होती. तिने रात्रीच सगळं ऐकलं होतं. तालमीत न्हेणार न्हाईसा हे मला कबूल करा, असं ती म्हणत होती. आबा म्हणत होते, तालमीत न्हेत न्हाईच, तालीमच हितं आनतोय. लोक काय म्हणतील हे तिने विचारून झालं, लग्नाचं विचारून झालं, आणि दोन्ही वेळा आबा फक्त मेथीकडे बघत उभे राहिले.

मी दारात आलेली दिसले तशी त्यांनी कुदळ माझ्यापुढे केली.

"हौद पैलवानानं सवता उकरायचा असतोय," ते म्हणाले.

मी कुदळ घेतली. ती माझ्याहून थोडीच कमी उंच होती. पण आई वाफ्यातून हलली नाही. मला तिच्यावर कुदळ उगारता येईना आणि मागेही फिरता येईना. मी तिथेच उभी राहिले, पाय रोवून, नजर समोर, मान वर. आईने माझे रोवलेले पाय पाहिले, वर धरलेली मान पाहिली. मग ती खाली वाकली आणि मेथी उपटू लागली. एकेक मुळासकट, माती झटकून, ओच्यात घेत. आख्खा वाफा रिकामा झाला तेव्हा ती उठली, ओचा सावरला आणि मला म्हणाली,

"खोल उकर. वरवर उकरलंस तर पाठीला लागंल."